मिश्र मनोरे आणि अमिश्र पेठ

काव्य, नाटक व कादंबरी यांचीं परीक्षणें आमच्या मासिकांतून नियमानें येतात, क्वचित् चित्रांचीं व गायनाचींहि येतात. परंतु इमारतीचें परीक्षण मराठींत सहसा वाचावयास मिळत नाहीं. इमारत म्हटली कीं ती एक तर पुरातत्त्वाचा विषय व्हावी लागते, नाहीं तर जागेच्या भावाचा. वस्तुतः न आवडलेलें पुस्तक मिटून बाजूस ठेवतां येतें. न आवडलेल्या इमारतीखालून मात्र रोज जावें लागतें, आणि तिची सावली कोणाची संमति विचारीत नाहीं. म्हणून ज्या एका इमारतप्रकाराची गेल्या पन्नास वर्षांत जगभर चलती आहे, त्याची परीक्षा साहित्याच्या कसोट्यांनीं करून पाहावी असें आम्हीं योजिलें आहे. हा प्रकार म्हणजे व्यापारी पेठेंतला मिश्र उपयोगाचा मनोरा: तळाशीं दुकानें, मध्यें कचेऱ्या, वर घरें किंवा हॉटेल, आणि माथ्यावर शहर न्याहाळण्याची जागा.

मिश्रण हें कांहीं नवें नाहीं. खालीं दुकान व वर बिऱ्हाड ही रचना पुण्याच्या पेठांतून व गिरगांवच्या रस्त्यांवरून आमच्या वाचकांच्या ओळखीची आहे. शांघायमधील गल्ल्यांच्या ज्या जुन्या वस्तीस लिलाँग म्हणतात, तेथेंहि रस्त्याकडची बाजू दुकानांची आणि आंतली बाजू घरांची असे. पण त्या मिश्रणाची गंमत अशी कीं, तें माणसाच्या दिनक्रमांत होतें, केवळ भिंतींत नव्हतें. दुकानदार माडीवर जेवून खालीं गल्ल्यावर येऊन बसे, आणि त्याचा शेजारी तोच त्याचा गिऱ्हाईक असे. मनोऱ्याची गोष्ट निराळी. तेथें कचेरीचा मनुष्य, हॉटेलचा पाहुणा, घरवाला व प्रेक्षक यांचीं दारें निराळीं, लिफ्ट निराळ्या, वेळा निराळ्या. एका छपराखालीं ते असतात खरे. पण एकमेकांस ते दिसतात कोठें? तेव्हां टीकाकारानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, ही वास्तु म्हणजे एक ग्रंथ आहे, कीं एकाच पुठ्ठ्यांत शिवलेल्या चार निरनिराळ्या चोपड्या आहेत?

ही शंका केवळ वाङ्मयीन आहे असें कोणीं समजूं नये. कचेरीस खोल मजला चालतो, किंबहुना तोच हवा असतो. घरास मात्र प्रत्येक खोलींत उजेड लागतो, म्हणून खिडकीपासून फार आंत जातां येत नाहीं. कचेरींत पाण्याचे नळ मध्यभागीं एकत्र आणले कीं भागतें. हॉटेलांत प्रत्येक खोलीस न्हाणीघर हवें, आणि त्या प्रत्येकाचे नळ खालच्या मजल्यांच्या पोटांतून कोठून तरी उतरवावे लागतात. कचेरीच्या लिफ्टवर सकाळच्या अर्ध्या तासांत गर्दी उसळते, आणि हॉटेलचा पाहुणा मध्यरात्रीं पेटी घेऊन येतो. वरच्यांसाठीं ठेवलेली प्रत्येक लिफ्ट खालच्या प्रत्येक मजल्याची जागा खात जाते. ह्या सर्वांची तडजोड करतांना जो आकार हातीं लागतो तो ओढूनताणून आणलेला आहे कीं आंतून उमललेला आहे, येथें स्थपतीची परीक्षा होते.

ह्या प्रकाराचा मूळपुरुष शोधूं लागलें तर शिकागो शहरांतील ऑडिटोरियम इमारतीकडे जावें लागतें. डँकमार अ‍ॅडलर व लुई सलिव्हन ह्या जोडीनें ती 1889 सालीं पुरी केली. मध्यभागीं सुमारें 4,200 प्रेक्षकांचें नाट्यगृह, आणि त्याला वेढून एकीकडे हॉटेल व एकीकडे कचेऱ्या. हेतु असा कीं, हॉटेलच्या व कचेऱ्यांच्या भाड्यावर संगीतनाटक पोसावें, म्हणजे तें केवळ धनिकांचें राहणार नाहीं. आर्थिक दृष्ट्या हा हिशेब शेवटपर्यंत जमला नाहीं. शिवाय शिकागोच्या मऊ मातींत त्या जड दगडी भिंती इतक्या असमान खचल्या कीं आंतल्या जमिनीचा उतार आजहि पायांस कळतो. 1940 नंतरच्या दशकांत ती एका विद्यापीठाच्या हातीं गेली आणि नाट्यगृह पुष्कळ वर्षें बंद राहून 1967 सालीं पुन्हां उघडलें. तरीहि आम्ही ह्या इमारतीस मान देतों, कारण तिच्या मिश्रणाला एक गाभा होता. कशासाठीं मिसळावयाचें, हें मिसळणारास ठाऊक होतें.

याच सलिव्हननें 1896 सालीं उंच कचेरीच्या इमारतीवर एक निबंध लिहिला. कार्य ठरलें कीं रूप त्याच्यामागून येतें, हा त्यांतला सिद्धांत पुढें इतका गाजला कीं तो कोणत्याहि इमारतीच्या समर्थनार्थ पुढें करण्यांत येऊं लागला. पण निबंधाचा विषय कचेरी होता. तळाचे एकदोन मजले, वर एकासारखे एक कचेऱ्यांचे थर, शेवटीं माथा, असें त्याचें सरळ विवेचन आहे. कार्यें चार असलीं तर रूपानें कोणाच्या मागें जावें? ज्यानें स्वतः सात वर्षांपूर्वीं नाटक, निवास व कचेरी एका भिंतीआड बसविलीं होतीं, त्यानें ह्या प्रश्नास हात घातला नाहीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे.

उत्तर त्याच शहरांत, पाऊणशें वर्षांनीं, एका इंजिनियरानें दिलें. फझलुर रहमान खान यांचा जन्म 1929 सालीं बंगालमध्यें झाला. शिबपूर व ढाका येथें शिक्षण घेऊन ते 1952 सालीं इलिनॉयच्या विद्यापीठांत गेले आणि शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल ह्या कचेरींत स्थपति ब्रूस ग्रॅहम यांचे सहकारी झाले. ह्या दोघांनीं मिळून उभारलेलें जॉन हँकॉक सेंटर 1965 सालीं सुरू होऊन 1969 सालीं पुरें झालें: 100 मजले, 1,127 फूट. आरंभींच्या एका योजनेंत कचेऱ्यांचा एक व घरांचा एक असे दोन मनोरे होते. पण जागा लहान. दोन मनोरे एकमेकांचा उजेड व दृष्टि अडविणार. तेव्हां एकावर दुसरा ठेवला. ऐकावयास हें पोरखेळासारखें वाटतें. परंतु ठेवण्याची रीत पाहा. पायथ्याशीं मजला 265 फूट लांब व 165 फूट रुंद, माथ्याशीं 160 फूट लांब व 100 फूट रुंद. खालीं कचेरीस हवा तसा खोल मजला आणि वर घरास हवा तसा उथळ मजला, हीं दोन्ही त्या एका निमुळतेपणांत आपोआप सांपडलीं, आणि वाऱ्याचा जोर जेथें अधिक तेथें अंगहि कमी झालें. बाहेरून दिसणाऱ्या प्रचंड फुल्या हा अलंकार नव्हे. वाऱ्याचा भार खांबांवरून तिरका वाहून नेणाऱ्या त्या कैच्या आहेत. त्यांच्यामुळें दर चौरस फुटास सुमारें 30 पौंड पोलादांत काम भागलें. 1931 सालच्या एम्पायर स्टेट इमारतीस तेंच 42 पौंडांच्या वर लागलें होतें.

येथें मघांच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. चार कार्यांपैकीं कोणत्याहि एकाच्या मागें हें रूप गेलेलें नाहीं. चौघांनाहि जें समान आहे, म्हणजे उभें राहणें, त्याच्यामागें तें गेलें आहे. फुली दुकानावरून, कचेरीवरून व शयनगृहावरून सारख्याच निर्विकारपणें जाते. कांहीं घरांच्या खिडकींतून तर ती तिरकी तुळई आडवी येते. ह्या निर्विकारपणांत एक प्रकारची रुक्षता आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. ग्रंथ एक आहे खरा, पण त्याची शैली व्याकरणासारखी आहे.

त्या इमारतींतली सर्वांत चांगली जागा मात्र बाहेरून दिसत नाहीं. ती 44 व्या मजल्यावर आहे. वरच्या सुमारें सातशें घरांतील माणसांस थेट जमिनीवर उतरतां येत नाहीं. घरापासून 44 व्या मजल्यापर्यंत एक लिफ्ट व तेथून खालीं दुसरी, असा टप्पा ठेवलेला आहे. लिफ्टची जागा वांचावी एवढाच त्यांत हेतु. पण गैरसोयीनें जें साधलें तें सोयीनें साधलें नसतें. शाळेंत निघालेलें मूल, फिरावयास निघालेला म्हातारा, भाजी घेऊन आलेली गृहिणी, सर्वांस तेथें पाय टेकावा लागतो. आणि त्याच मजल्यावर पोहण्याचा तलाव व किराणा दुकान ठेवल्यामुळें टेकलेला पाय थोडा रेंगाळतो. चौक म्हणजे तरी दुसरें काय? जेथें कोणी मुद्दाम जात नाहीं पण जेथून सर्वांस जावें लागतें, ती जागा. हा चौक सर्वांसाठीं आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण तेथें घर घेण्यास खिसा चांगलाच भारी लागतो. आणि जमिनीवरचा भाग तर ह्या रचनाकारांस साधलाच नाहीं. इमारतीसमोर त्यांनीं रस्त्याच्या पातळीखालीं एक खोलगट अंगण केलें. तें मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या वाहत्या गर्दीपासून तुटून राहिलें आणि 1990 नंतरच्या दशकांत त्याची पुनर्रचना करावी लागली. 2018 सालीं विमा कंपनीचें नांवहि तिच्यावरून उतरलें. आतां ती रस्त्यावरील घरक्रमांकानें ओळखली जाते, आणि आमच्या मतें हें नांवच तिला अधिक शोभतें.

आतां ज्या पेठेसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळूं. शांघायच्या हुआंगपू नदीच्या पूर्वतीरावर लुजियाझुई म्हणून नदीच्या वळणांतली जागा आहे. एके काळीं तेथें गोद्या, वखारी, कारखाने व दाट वस्ती होती. 1990 सालीं चीन सरकारनें पुडोंगच्या विकासाची घोषणा केली आणि ही जागा पैशाच्या व्यापाराची पेठ ठरली. 1992 सालीं रिचर्ड रॉजर्स, टोयो इतो, डोमिनिक पेरो व मासिमिलियानो फुक्सास ह्या चार परदेशी स्थपतींकडून आराखडे मागविण्यांत आले. पैकीं रॉजर्स यांच्या आराखड्यांत पेठ वर्तुळाकार होती. घरें, कचेऱ्या, दुकानें हीं पेठभर मिसळलेलीं होतीं. पायीं चालणारास व सार्वजनिक वाहनांस पहिला मान होता. तो आराखडा स्वीकारण्यांत आला नाहीं. पुढील वर्षीं स्थानिक संस्थेनें तयार केलेली जी योजना मंजूर झाली तींत मध्यभागीं मोठें उद्यान आणि त्याच्या कडेला तीन अत्युच्च मनोरे होते. ह्या पेठेंतून जाणारा सेंच्युरी अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता 100 मीटर रुंद आहे. त्याच्या एका कडेनें दुसऱ्या कडेवरील माणसाचा चेहरा ओळखतां यावयाचा नाहीं.

तीन मनोऱ्यांपैकीं पहिला, जिन माओ, 1999 सालीं उघडला: 88 मजले, 420 मीटर, रचनाकार त्याच शिकागोच्या कचेरींतले एड्रियन स्मिथ. चिनी लोक आठ हा आंकडा शुभ मानतात म्हणून त्याच्या मापांत आठांची रेलचेल आहे, आणि पॅगोड्याची आठवण व्हावी अशा पायऱ्यापायऱ्यांनीं तो वर चढतो. असल्या आठवणी करून देणाऱ्या वास्तूंविषयीं आम्ही एरव्हीं साशंक असतों. बहुधा तो पोषाखी नाटकाचा प्रकार असतो. पण ह्या मनोऱ्याच्या पोटांत जें केलें आहे त्यापुढें ही शंका गळून पडते. मध्यभागीं काँक्रीटचा अष्टकोनी गाभा आहे. खालच्या पन्नास मजल्यांत कचेऱ्या आहेत, म्हणून तेथवर तो गाभा कचेऱ्यांच्या लिफ्टनीं भरलेला. कचेऱ्या संपल्या, लिफ्ट संपल्या. गाभा मात्र माथ्यापर्यंत न्यावाच लागणार, कारण सारा मनोरा त्याच्या आधारानें उभा. मग वर उरलेली त्याची पोकळी काय करावयाची? स्मिथ यांनीं ती तशीच मोकळी सोडली, आणि 56 व्या मजल्यापासून 87 व्या मजल्यापर्यंत, सुमारें 115 मीटर उंचीची विहीर हॉटेलच्या मध्यभागीं उभी राहिली. तिच्या भोंवतीं गोल सज्जे आणि सज्ज्यांवर खोल्यांचीं दारें. एका उपयोगाच्या अभावांतून दुसऱ्या उपयोगाचें सौंदर्य निघालें. दोन कार्यांचा सांधा इतका निर्व्याज जुळलेला दुसरा मनोरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरा मनोरा, शांघाय वर्ल्ड फायनान्शियल सेंटर, ह्याची कथा लांबलेली आहे. टोकियोच्या मोरी कंपनीनें 1997 सालीं काम सुरू केलें, तोंच आशियांतील आर्थिक अरिष्ट आलें व काम थांबलें. पुन्हां हात घातला तेव्हां उंची 460 मीटरांवरून 492 मीटरांवर नेण्याचें ठरलें. पण पायाचे खांब आधींच पहिल्या हिशेबानें ठोकलेले. तेव्हां इंजिनियर लेस्ली रॉबर्टसन यांनीं सांगाडाच हलका करून उंची वाढविली. खालीं चौरस, वर जातां जातां दोन वक्रांनीं कापला जाऊन एका रेषेंत संपणारा हा आकार विल्यम पेडर्सन यांचा. कचेऱ्यांस रुंद मजला व वरच्या हॉटेलास अरुंद मजला हें हँकॉकचेंच सूत्र येथें अधिक सुबकपणें गिरविलें आहे. माथ्याचें भोंक प्रथम वर्तुळाकार होतें. उगवत्या सूर्याच्या जपानी ध्वजाची त्यांत आठवण आहे अशी ओरड झाली, आणि 2008 सालीं मनोरा उघडला तो वर खिडकीसारखें चौकोनी भोंक घेऊन. भूमितीच्या शुद्धतेचें त्यांत नुकसान झालें. पण ज्या शहरानें जपानी फौजांचा अंमल सोसला त्या शहरास हें म्हणण्याचा अधिकार होता, असें आम्ही समजतों.

तिसरा शांघाय टॉवर: 632 मीटर, 128 मजले, 2015 सालीं बांधून झालेला, गेन्स्लर यांच्या कचेरीची रचना. आंतला मनोरा गोल. त्याभोंवतीं वर जातां जातां 120 अंशांनीं पिळत गेलेली कांचेची दुसरी कात. ह्या पिळामुळें वाऱ्याचा भार सुमारें 24 टक्क्यांनीं कमी झाला, असें रचनाकारांचें गणित आहे. दोन कातींमधल्या पोकळींत, बाराचौदा मजल्यांच्या अंतरानें, उद्यानें बसविलीं आहेत. म्हणजे नऊ पेठा एकीवर एक रचून उभें शहर करावयाचें, आणि प्रत्येक पेठेस तिचा चौक द्यावयाचा. तिघांत कल्पनेनें हाच सर्वांत मोठा आहे, आणि म्हणूनच याच्याशीं आमचें भांडणहि मोठें आहे.

चौकाविषयीं वर जें म्हटलें तें येथें लावून पाहावें. हीं उद्यानें कोणाच्या वाटेवर आहेत? लिफ्ट तेथेंहि बदलावी लागते. पण बदलणारा जवळजवळ प्रत्येक जण कचेरीचा, एकाच वेळीं येणारा व एकाच वेळीं जाणारा. तेथपर्यंत पोहोंचण्यास आंतल्या कोणाशीं तरी काम असावें लागतें. वाटसरू नसलेला चौक म्हणजे दिवाणखाना. तो सुंदर असेल, उंच असेल, पण त्याला शहराचें नांव देणें म्हणजे भाषेशीं खेळ आहे. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ह्या तिन्ही मनोऱ्यांत कचेऱ्या आहेत, दुकानें आहेत, हॉटेलें आहेत, पण घरें नाहींत. रात्रीं वर दिवे लागतात ते पाहुण्यांच्या खोल्यांचे. पाहुणा नगरपालिकेस कर देत नाहीं, शाळा मागत नाहीं, खालच्या रस्त्याविषयीं तक्रार करीत नाहीं. चार दिवसांनीं तो जातो. मिश्रण म्हणून ज्याची वाखाणणी होते तें येथें भाड्याच्या उत्पन्नांचें मिश्रण आहे, कचेऱ्यांचें भाडें उतरलें तर हॉटेलनें सांवरावें अशा बेताचें. ऑडिटोरियमच्या मालकांनींहि हाच बेत केला होता. परंतु त्यांना त्यांतून नाटक चालवावयाचें होतें.

जेन जेकब्स यांनीं अमेरिकन शहरांच्या जीवनमरणावर 1961 सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत पेठेस एकाहून अधिक मुख्य उपयोग असावे हा आग्रह आहे. पण त्यामागचा हेतु रस्त्यावर निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं माणसें असावीं हा होता. तिचें मिश्रण आडवें होतें. लुजियाझुईनें तें उभें केलें आणि वाटेंत रस्ता सोडून दिला. कोणी म्हणेल, तेथें भुयारी रेल्वेचें स्थानक आहे, बाजारगृहें आहेत, गाड्यांच्या वर्तुळावरून पायीं चालणारांसाठीं उंच गोल पूल बांधला आहे आणि त्यावर लोकांची दाटी असते. हें सर्व खरें आहे. परंतु तो पूल मूळच्या योजनेंतल्या चुकीवर मागाहून घातलेलें ठिगळ आहे. जमिनीवरून चालतां आलें असतें तर माणसांस आकाशांतून कशाला चालविलें असतें? नदीकांठीं घरेंहि आहेत, पण तीं निराळ्या आवारांत व फार मोठ्या किंमतीचीं. म्हणजे मनोरा आंतून मिश्र, आणि पेठ मात्र अमिश्र. रॉजर्स यांचा आराखडा याच्या उलट होता. तो प्रत्यक्षांत कसा उतरला असता हें सांगतां येत नाहीं, आणि न बांधलेल्या शहरांस फार भाव देऊं नये हेंहि खरें. तथापि प्रश्न त्यांत बरोबर मांडला होता.

स्थपतींवर हा सारा दोष लादणें अन्यायाचें होईल. त्यांना भूखंड आंखून मिळाला, उंची सांगून मिळाली, आणि रस्त्याची रुंदी त्यांच्या हातची नव्हती. स्मिथ व पेडर्सन यांनीं मिळालेल्या चौकटींत उत्तम काम केलें, एवढेंच नव्हे तर दोन उपयोगांच्या सांध्यावर रचना कशी करावी याचा धडा घालून दिला. तिसऱ्या मनोऱ्यानें चौकटच मोडल्याचा आव आणला, म्हणून त्याला अधिक कठोर माप लावावें लागलें. त्याच्या वरच्या मजल्यांतलें हॉटेल 2021 सालीं उघडलें. त्याच वर्षीं 500 मीटरांहून उंच इमारती नव्यानें बांधण्यास चीन सरकारनें मनाई केली. तेव्हां उंचीची शर्यत त्या देशापुरती तरी थांबली आहे, आणि पुढल्या मनोऱ्यांची परीक्षा त्यांच्या छेदचित्रावरून व तळमजल्याच्या नकाशावरून करण्यास टीकाकारांस सवड मिळाली आहे.

तळमजल्याचा नकाशा म्हटला म्हणून सांगतों. पेठेच्या मध्यावरील उद्यानांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत एका व्यापाऱ्यानें बांधलेला जुना वाडा राखून ठेवला आहे. भोंवतालचीं घरें पाडून रहिवाशांस दूर हलविलें तेव्हां हा तेवढा वांचला. आतां त्यांत चित्रकार वू छांगशुओ यांचें स्मारक आहे. घराच्या आकाराचें घर त्या परिसरांत एवढेंच उरलें, आणि त्यांतहि कोणी राहत नाहीं.